पंच क्रमांक दोन

पद्मावतीअक्कांची सही क्षणभर थांबून बघावी अशी होती. नाव त्या साधंच लिहायच्या, पण शेवटच्या ‘ती’ची वेलांटी उचलून पार मागे न्यायच्या आणि अख्ख्या नावावर छत्रीसारखी उघडून ठेवायच्या. कानडी सह्यांच्या गर्दीत ही मराठी छत्री लांबून ओळखू यायची. ती दोनच माणसांना जमायची. एक खुद्द अक्कांना आणि दुसरी त्यांच्या भाचीला, मैत्रेयीला, वय वर्षं पंधरा, इयत्ता दहावी.

मैत्रेयीला ही कला मुद्दाम कुणी शिकवली नव्हती. आत्याचे दोन्ही हात कायम कुणाच्या तरी ब्लाउजमध्ये आणि तोंडात टाचण्या. दारात कुरियरवाला उभा राहिला की टाचण्यांच्या फटीतूनच आवाज यायचा, “मैतू, कर गं तूच!” मैतू करायची. गॅसची पावती, दोऱ्याच्या पार्सलची पावती, एकदा तर स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही. त्या वेळी गणितात बेचाळीस होते, म्हणून छत्री जरा जास्तच झोकात उघडली होती.

अक्कांचं दुकान चामराजपेटेत पोलीस ठाण्याच्या बरोब्बर समोर. पिको, फॉल, ब्लाउज आणि ठाण्यातल्या बायका-पोलिसांच्या वर्द्या. वर्दी लग्नाआधी कमरेत आत घ्यायची, बाळंतपणानंतर बाहेर सोडायची. ठाण्यात कुणाचं काय चाललंय ते इन्स्पेक्टरच्या आधी अक्कांना कळायचं. आणि गेली आठ वर्षं आणखी एक मान त्यांच्याकडे चालत आला होता. पोलिसांनी कुणाच्या घराची झडती घेतली की कायद्याला बाहेरची दोन माणसं लागतात. काय उघडलं, काय सापडलं ते डोळ्यांनी बघायचं आणि कागदावर सही करायची. महाराष्ट्रात त्याला पंचनामा म्हणतात, इथे महजर. इन्स्पेक्टर येत-जात राहिले, पण जमादार मंजुनाथ तिथेच होते आणि ते रस्त्याच्या पलीकडूनच हाक मारायचे, “अक्का, स्वल्प बन्नी!” जरा या.

“उगाच नाही बोलवत कुणाला,” अक्का म्हणायच्या. “चार माणसांत पत असावी लागते.”

सुरुवातीला अक्का खरंच जायच्या. कपाट उघडताना वाकून बघायच्या, ‘हा डबा राहिला की’ असंही सुनवायच्या. मग गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्या जिन्याखाली उभ्या राहू लागल्या. मग उभं राहणंही जमेना, तेव्हा कागदच दुकानात यायला लागले. कुणी ठरवून काही केलं नाही. शिवण एकेका टाक्याने उसवत जाते, तसं झालं.

त्या शनिवारीही तसंच. सकाळी सात वाजता पोलीस मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीच्या खोलीत गेले. तिथे ध्रुव राहायचा. नागपूरचा मुलगा, चोवीस वर्षांचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला हेब्बाळच्या कुठल्याशा कंपनीत. एवढ्या लांब का राहतोस विचारलं तर म्हणायचा, “तिकडे सगळं नवीन आहे, कंटाळा येतो.” मैत्रेयीला तो माहीत होता, कारण त्याच्या पँटी कायम लांब व्हायच्या आणि तो प्रश्न फार विचारायचा. एकदा दुकानासमोरच्या खांबावर बोट दाखवून म्हणाला होता, “हा कॅमेरा कुणाचा गं?”

“सरकारचा. दुसऱ्या कुणाचा असणार?”

“सरकारमध्ये कुणाचा? चित्र कोण बघतं? किती दिवस ठेवतात?”

“मला काय माहीत! मी रोज त्याच्यासमोर शेंगदाणे खाते, एवढं त्यांना कळत असेल.”

तो खूप हसला होता आणि वहीत एक लाल ठिपका काढून निघून गेला होता. पेटेतल्या प्रत्येक सरकारी कॅमेऱ्याचा तो नकाशा करत होता आणि माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकून हेच तीन प्रश्न विचारत होता. उत्तरं आली नाहीत. पोलीस आले.

अकराच्या सुमाराला मंजुनाथ तीन पानं घेऊन दुकानात आले. त्यांवर पंच क्रमांक एक म्हणून शेजारच्या अगरबत्तीवाल्या पुरुषोत्तमकाकांची सही आधीच होती. अक्का एका नवरीच्या ब्लाउजला आरसे लावत होत्या आणि नवरीची आई डोक्यावर उभी होती.

“मैतू, कर गं तूच!”

मंजुनाथ क्षणभर घुटमळले. मग रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, “बेगा, पुट्टी. जीप थांबलीये.” लवकर, छोटे.

मैत्रेयीने तिन्ही पानांवर तीन छत्र्या उघडल्या. ठाण्याचं पेन गळतंय, एवढंच तिच्या लक्षात आलं.

सोमवारी संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. प्रवासात चुरगळलेली सुती साडी, खांद्याला शबनम, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून धरलेले कागद.

“पद्मावतीबाई तुम्हीच का?”

“हो. काय शिवायचंय?”

“अगं माय, मराठी बोलता ना तुम्ही!” ती बाई धपकन स्टुलावर बसली. “काल सकाळपासून मी कोणाशी बोललीच नाही बघा, नुसत्या खुणा करून राहिली. मी हेमलता. ध्रुवची आई. तिकडे मागच्या गल्लीत राहते ना तो, त्याची.”

शिवणयंत्र थांबलं.

“वकीलबाईंनी हा कागद दिला,” हेमलताबाई पिशवी उघडत म्हणाल्या. “सगळ्या कानडी जिलब्या. रागावू नका हं. पण खाली ही एवढी एक ओळ मला वाचता आली. आपल्या अक्षरात नाव. म्हटलं, देवच पावला. मराठी बाई तिथे उभी होती, आता ती मला खरं सांगेल.” मग त्या मैत्रेयीकडे वळल्या. “पोरी, तुला येते ना ही लिपी? वाच ना मला, काय लिवलं आहे माझ्या पोराबद्दल.”

मैत्रेयीला कानडीत पंच्याण्णव होते. तिने कागद घेतला आणि वाचता वाचता मराठी करायला लागली, आधी खणखणीत आवाजात, मग जरा हळू.

“खालील पंचांसमक्ष… खोलीची झडती घेतली असता… एक, लॅपटॉप. दोन, मोबाईल. तीन, चामराजपेटेचा मोठा नकाशा, त्यावर एकशे बारा लाल ठिपके. चार…” ती थांबली.

“वाच ना.”

“चार. गादीच्या खोळीची शिवण पंचांसमक्ष उसवली असता आतून एक कागद मिळाला. त्यावर अधिकाऱ्यांच्या घरांचे पत्ते आणि ड्युटीच्या वेळा… हे सर्व आम्ही पंचांनी प्रत्यक्ष पाहिले. पंच क्रमांक एक. पंच क्रमांक दोन.”

क्रमांक दोनखाली छत्री होती. गळक्या पेनाचा डागसुद्धा होता.

“लॅपटॉप त्याचा,” हेमलताबाई बोटांवर मोजत होत्या, “फोन त्याचा, नकाशा तर तो मला व्हिडिओवर दाखवून राहिला होता, म्हणे आई, बघ किती डोळे आहेत आपल्यावर. पण हा चौथा कागद? तो म्हणते, माझा नाहीच. आणि त्या कागदापायीच हा देशाच्या सुरक्षेचा कायदा लावला म्हणतात. नुसत्या नकाशावर तर कालच सुटला असता. आता बुधवारी परत कोर्टात नेतील. पोलीस आणखी दहा दिवस मागून राहिले.” त्यांनी पद्मावतीअक्कांचा हात धरला. “तुम्ही बघितलं ना हो? खरंच निघाला का गादीतून?”

अक्कांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. सहा होत्या. तेवढा वेळ लागला.

“मी वर गेलेच नव्हते,” त्या म्हणाल्या.

हेमलताबाई भांडतील, रडतील, ओरडतील असं मैत्रेयीला वाटलं. त्यांनी फक्त कागद परत घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला. “पण इथे तर लिवलं आहे,” असं एकदा म्हणाल्या, स्वतःशीच. मग वकीलबाईंचा नंबर एका पावतीच्या मागे लिहून ठेवला आणि पायरी उतरून गेल्या.

त्या गेल्यावर अक्कांनी टाचण्या डबीत टाकल्या. मग एकदम म्हणाल्या, “शिवून ठेवला होता म्हणे! अगं, ती खोळ मला नुसती दाखवली असती ना, तर टाका जुना की कालचा, हाताचा की मशीनचा, पुरुषाने घातलाय की बाईने, सगळं उभ्या उभ्या सांगितलं असतं. अख्ख्या पेटेत हे सांगू शकणारी मी एकटी, आणि मी इथे बसून आरसे लावत होते!”

“आत्या, तो निर्दोष आहे!” मैत्रेयी उसळली. “आपण उद्याच जाऊन सांगूया!”

“तुला कसं माहीत?”

“म्हणजे काय? तो किती चांगला आहे!”

“पँट चांगली घालतो म्हणून? मला नाही माहीत बाई. कागद असेलही गादीत, नसेलही. मी चांगल्या चांगल्या घरांतून चोरीचे दागिने निघालेले बघितलेत, गुडघे धड होते तेव्हा.” अक्कांनी चष्मा काढला. “मला एवढंच माहीत आहे, की मी बघितलं नाही. आणि कागद म्हणतोय की बघितलं.”

मैत्रेयी रात्री नागरिकशास्त्राचं पुस्तक काढून बसली. त्यात एक आकृती होती, तिने परीक्षेसाठी तीन रंगांत पाठ केलेली. एका चौकटीत सरकार, एकीत संसद, एकीत न्यायालय आणि एकमेकांवर लक्ष ठेवणारे बाण. पाच गुणांना हमखास. सरकारच्या हातात पोलीस असले तरी न्यायालय त्यांना आवर घालतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण न्यायाधीश काही त्या गच्चीवर जात नाहीत. ते कोर्टात बसून कागद बघतात. त्यांचे डोळे म्हणजे दोन पंच. त्या सगळ्या बाणांचं एक टोक थेट आत्याच्या दुकानात येऊन टेकलं होतं, आणि तिथे बसली होती कोण, तर मैतू, इयत्ता दहावी, हातात गळकं पेन. तिने पुस्तक मिटलं.

मंगळवारी दुपारी मंजुनाथ आले. नेहमीसारखे कॉफीच्या वेळेला, पण कॉफी नको म्हणाले. हेमलताबाई येऊन गेल्याचं त्यांना कळलं होतं. समोरच तर ठाणं.

“अक्का, त्या आईचं वाईट मलाही वाटतं,” ते म्हणाले. अक्का आणि ते कानडीतच बोलायचे, भांडायचेही कानडीतच. “पण हा मोठा विषय आहे. वरून आलेला. तुम्ही मध्ये पडू नका.”

“मी कुठे पडले? तुम्हीच ढकललंत ना, मंजण्णा?”

“अय्यो, आठ वर्षं झाली अक्का! आठ वर्षांत एक तरी खोटा कागद आणला का मी तुमच्याकडे?”

“कसं सांगू?” अक्का शांतपणे म्हणाल्या. “मी कधी वाचलाच नाही.”

मंजुनाथांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मैत्रेयीला ते एकदम म्हातारे दिसले.

“ऐका. झडती झाली की अठ्ठेचाळीस तासांत कागद कोर्टात जावा लागतो. पंच व्हायला कुणी येत नाही. तुमची ही सगळी मोठी मोठी माणसं, आम्ही दिसलो की शटर ओढतात. कोर्टाच्या खेपा नकोत, डोक्याला ताप नको. मग मी चोर शोधू की पंच शोधू? तुम्ही एक होतात, म्हणून चाललं. उद्या कुठे काही स्फोट झाला तर हेच लोक विचारतील, पोलीस काय करत होते?”

“ते खरं आहे.”

“मग?”

“मग त्या दिवशी म्हणायचं होतं, अक्का, खुर्ची लावतो, दोन माणसं उचलून नेतात, पण वर चला. तुम्ही म्हणाला नाहीत. मी पण म्हटलं नाही. दोघांनाही सोयीचं होतं.”

“तो कागद मी नाही ठेवला, अक्का.” आवाज खाली आला होता. “मी खालच्या मजल्यावर घरमालकाचा जबाब घेत होतो. वर साहेब होते.”

“बघा,” अक्का म्हणाल्या. “तुम्हीसुद्धा नाही बघितलं.”

मंजुनाथ उठले. पायरीवर थांबून त्यांनी मैत्रेयीकडे बघितलं. “आणि पुट्टीचं काय? सही कुणाची आहे, ते मला माहीत आहे. कोर्टात विचारतील.” धमकी होती की काळजी, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

म्हणूनच संध्याकाळी ध्रुवच्या वकील अहल्याबाईंच्या कचेरीत पोचल्या पोचल्या अक्कांनी जाहीर करून टाकलं, “सही माझीच आहे. मी न बघता केली. असं लिहा.”

अहल्याबाई मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकील होत्या. टेबलावर फायलींचा डोंगर आणि डोंगरामागे त्या, केसात पेन्सिल खोचलेल्या. त्यांनी अक्कांकडे बघितलं, मग मैत्रेयीकडे. ती टेबलाची कड नखाने खरवडत होती.

“तुम्हीच केलीत?”

“हो.”

“शपथेवर सांगाल?”

“सांगेन की.”

“म्हणजे न घडलेली एक गोष्ट तुम्ही सहीने सांगितलीत, ती दुरुस्त करायला आता दुसरी सांगणार. तीही शपथेवर.” अहल्याबाईंनी पेन्सिल काढली. “अक्का, सरकारी वकील हस्ताक्षराचा माणूस बोलावेल. छत्रीचा एक दांडा वाकडा निघाला की संपलं. मग तुम्ही खाली होतात हेही कुणी मानणार नाही. आणि पोरगा दहा दिवस ठाण्यात.”

“पण ही लहान आहे हो!”

“तेच तर. पंधरा वर्षांची मुलगी पंच असूच शकत नाही. हे समोर आलं तर तो महजर लंगडा पडतो. पहिला पंच तर मला भेटायलाच तयार नाही. बोलायचं की नाही ते मात्र तिचं तिने ठरवायचं. मी सांगणार नाही.”

शाळेत माईक दिसला की मैत्रेयी लगेच हात वर करायची. इथे तिने आधी हिशेब मांडला. हे सांगितलं तर काय होईल? शाळेत कळेल, बाबा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून घरी येऊन तमाशा करतील, आत्याला नोटीस येईल, ठाण्याच्या वर्द्या बंद होतील. आणि नाही सांगितलं तर कुणालाच काही कळणार नाही. नुसता एक मुलगा दहा दिवस आत राहील आणि कागद म्हणत राहील, आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

“मी येते,” ती म्हणाली. आवाज फाटका आला. म्हणून तिने परत एकदा नीट म्हटलं, “मी येते.”

कोर्टाची खोली तिला वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान निघाली. पंखा कटकट वाजत होता. न्यायाधीश एक मध्यमवयीन बाई, मोगऱ्याची छोटीशी वेणी माळलेली, शाळेत हजेरी घ्यावी तशा झरझर कागद उलटत होत्या. ध्रुव कडेला उभा होता. दाढी वाढलेली, अंगात तोच शर्ट. हेमलताबाई मैत्रेयीला चिकटून बसल्या होत्या, कारण बोलणं सगळं कानडीत आणि इंग्रजीत. मैत्रेयी त्यांच्या कानात मराठी करत होती.

सरकारी वकील म्हणाले, आरोपीमागे कोण आहे ते शोधायला दहा दिवस कोठडी हवी. अहल्याबाई म्हणाल्या, झडतीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे, ते कुठे आहे? सरकारी वकील म्हणाले, तांत्रिक अडचण आली. मग अहल्याबाईंनी अक्कांचं शपथपत्र पुढे केलं. न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

“पद्मावती कोण?”

अक्का खुर्चीचा हात धरून उठल्या.

“चौथी वस्तू तुमच्यासमोर निघाली नाही?”

“मी वर नव्हतेच, अम्मा. निघाली असं मी म्हणत नाही, नव्हती असंही म्हणत नाही. मी बघितलं नाही.”

“आठ वर्षं या बाई पंच आहेत,” सरकारी वकील हसून म्हणाले. “आजच त्यांचे गुडघे दुखायला लागले.”

“गुडघे चार वर्षं दुखतायत, साहेब. आज लाज दुखली.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत.

“मग ही सही?”

मैत्रेयीचा हात आपोआप वर गेला, शाळेत जातो तसा. उभी राहिल्यावर तिला कळलं की आपण उभ्या आहोत.

“ती माझी आहे, मॅडम. म्हणजे नाव आत्याचं, पण केली मी. कागद वाचला नव्हता.”

“वय?”

“पंधरा पूर्ण.”

न्यायाधीशबाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “कर.”

अख्खी खोली बघत होती. मैत्रेयीने नाव लिहिलं, ‘ती’ची वेलांटी उचलली, मागे नेली, छत्री उघडली. ही सही करताना तिला आयुष्यात पहिल्यांदाच घाम फुटला. न्यायाधीशबाईंनी तो कागद महजराशेजारी ठेवून बराच वेळ बघितला. जमादार मंजुनाथ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनाही विचारलं गेलं. त्यांनी एकदा इन्स्पेक्टरसाहेबांकडे बघितलं, एकदा जमिनीकडे, आणि म्हणाले, “सही दुकानात झाली, मॅडम. मुलीने केली.”

“अम्मा,” अक्का मध्येच म्हणाल्या, आणि अहल्याबाईंनी कपाळावर हात मारला. “एक मागू का? ती गादी अजून खोलीतच आहे. खोळ मागवा. उसवलेल्या ठिकाणी कापडाला सुईची भोकं असतील. आधी शिवण खरंच होती, तर भोकं जुनी असतील, कडा मळलेल्या असतील. कुठल्याही शिंप्याला दाखवा. मला नका दाखवू, माझ्यावर आता विश्वास कोण ठेवणार? दुसऱ्याला दाखवा.”

न्यायाधीशबाई लिहू लागल्या. पंधरा मिनिटं नुसता पेनाचा आवाज. मग वाचून दाखवलं. पोलीस कोठडी नामंजूर. आरोपीची रवानगी न्यायालयीन कोठडीत, म्हणजे ठाण्यात नाही, तुरुंगात. गादीची खोळ आजच सील करून कोर्टात. चित्रीकरण का नाही याचा इन्स्पेक्टरने शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा. जामिनावर सुनावणी शुक्रवारी. आणि पद्मावती यांनी खोट्या महजराबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये ते लेखी सांगावं. अल्पवयीन मुलीच्या पालकांना समज.

“सुटला का?” हेमलताबाईंनी कानात विचारलं.

“नाही. पण परत ठाण्यात नाही नेणार.”

“म्हणजे सुटला नाही.”

“नाही, काकू.”

“आणि तुझ्या आत्याला नोटीस.”

“हो.”

हेमलताबाईंनी पिशवीतल्या कागदांची घडी पुन्हा घातली. “मला वाटलं होतं, खरं सांगितलं की दार उघडते,” त्या म्हणाल्या. “हे तर नुसती कडी हलून राहिली.”

आई-मुलाला दहा मिनिटं भेटायची परवानगी मिळाली होती. व्हरांड्यातल्या बाकावर ध्रुव बसला, शेजारी पोलीस. हेमलताबाई त्याच्या केसांतून हात फिरवत एकच विचारत होत्या, जेवलास का, जेवलास का. मैत्रेयी चार हात लांब उभी होती. तिला जवळ जायचं नव्हतं आणि तिथून हलताही येत नव्हतं.

ध्रुवनेच मान वर केली. “शेंगदाणे,” तो म्हणाला.

ती जवळ गेली. “सॉरी,” एवढंच म्हणाली.

“मला चार दिवस एकच प्रश्न विचारत होते,” तो म्हणाला. आवाज बसलेला होता. “कागद कुणी दिला? मी म्हणायचो, माझा नाही. ते म्हणायचे, दोन पंचांनी निघताना बघितलाय. दर वेळी तेच. दोन पंचांनी बघितलाय. तिसऱ्या दिवशी मलाच वाटायला लागलं, असेल बुवा. एवढी दोन माणसं कशाला खोटं बोलतील? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करत होतो, हा कागद मी कधी शिवला म्हणून.”

मैत्रेयीला रडू येईल असं वाटलं, पण रडणं म्हणजे पुन्हा स्वतःकडेच सगळं वळवून घेणं झालं असतं. ती नुसती उभी राहिली आणि त्याने सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. हेमलताबाईंचा हात त्याच्या केसांतच थांबला होता.

“इतके प्रश्न विचारत होतास,” मैत्रेयी शेवटी म्हणाली, “आता परत विचारशील? त्या कॅमेऱ्यांचे?”

त्याने शेजारच्या पोलिसाकडे बघितलं. “माहीत नाही,” म्हणाला. “भीती वाटते.”

पोलिसाने घड्याळ दाखवलं. ध्रुव उठला. आईच्या पाया पडला आणि जिन्याकडे चालायला लागला. हेमलताबाई दोन पावलं मागे गेल्या, मग थांबल्या.

“मी टाकू का अर्ज?” मैत्रेयीने मागून विचारलं. जरा जोरातच विचारलं गेलं. व्हरांड्यातले चार वकील वळून बघायला लागले. “माझ्या नावाने? फक्त आमच्या समोरच्या खांबाचा. तीनच प्रश्न.”

अक्का बाकावर बसल्या होत्या, नोटिशीचा कागद मांडीवर. त्यांनी भाचीकडे बघितलं. ‘गप्प बैस’ म्हणायला त्यांचं तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं.

ध्रुव वळणावर थांबला. “अर्जाला वय लागत नाही,” तो म्हणाला. “पण उत्तर नाही आलं, तर तीस दिवसांनी अपील करायचं. विसरायचं नाही. मी तिथेच कंटाळायचो.”

मग पोलिसाने त्याच्या कोपराला धरलं आणि दोघं खाली उतरून गेले. हेमलताबाईंनी विचारलं, हा तुरुंग कुठे आहे आणि तिथे कुठली बस जाते? ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. तेव्हा तिघी मिळून विचारायला निघाल्या.